डिस्कवर एक-शून्य नसतात, अंतरं असतात: एमएफएम, आरएलएल, ईएफएम आणि पुढचे कोड

प्रश्न असा आहे: जुन्या पीसीच्या पुस्तकांत एमएफएम आणि आरएलएल, सीडीच्या माहितीत ईएफएम अशी नावं भेटतात. कॉम्प्युटरकडे एक आणि शून्य आधीच असतात, मग ते आहेत तसेच डिस्कवर उतरवायला काय हरकत आहे? मध्ये हे कोड कशाला? आणि तीच हार्ड डिस्क, नुसतं कंट्रोलर कार्ड बदललं की २० एमबीची ३० एमबी व्हायची म्हणतात, ते खरं असेल तर जादाचे १० एमबी आले कुठून?

खरं आहे. आणि त्या १० एमबीचा हिशोब एकदा कळला की बाकीचं सगळं त्याच धाग्याने उलगडतं. पण तिथवर पोचण्याआधी एक समज मोडायला हवा, कारण तो जवळजवळ प्रत्येकाच्या डोक्यात असतो: चुंबकाची एक दिशा म्हणजे एक आणि उलटी दिशा म्हणजे शून्य, सीडीवर खड्डा म्हणजे शून्य आणि सपाट जागा म्हणजे एक. दोन्ही चूक.

फ्लॉपीच्या किंवा जुन्या हार्ड डिस्कच्या हेडमध्ये तारेचं वेटोळं असतं. फॅरेडेच्या नियमाने त्यात व्होल्टेज तयार होतं ते चुंबकीय प्रवाह बदलत असतानाच. खालून कितीही लांब पट्टा एकाच दिशेने चुंबकलेला जाऊ दे, हेडला त्याचं सोयरसुतक नाही. दिशा उलटली की एक ठोका मिळतो, बस्स. म्हणून पद्धत अशी पडली की दिशा उलटली तर १, उलटली नाही तर ०. याला एनआरझेडआय म्हणतात. सीडीचंही तेच: खड्ड्याची कड आली की १, मग ती खड्ड्यात उतरणारी असो की वर येणारी. खड्ड्याचा तळ म्हणजे शून्यं, आणि दोन खड्ड्यांमधली सपाट जागा म्हणजेही शून्यंच.

म्हणजे डिस्कवर प्रत्यक्षात काय आहे? ठोके, आणि दोन ठोक्यांमधली अंतरं. वाचणारं यंत्र फक्त वेळ मोजतं. या ठोक्यानंतर पुढचा किती वेळाने आला त्यावरून मध्ये किती शून्यं होती ते ठरवतं. हे एकदा ध्यानात धरलं की आहे तसं लिहिण्यात काय अडचण आहे ते दिसू लागतं. अडचणी दोन, आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध टोकांना आहेत.

पहिली, ठोके फार लांब पडले तर. समजा ५१२ बाइटचा एक सेक्टर पूर्ण शून्यांनी भरलेला आहे, आणि त्यात विशेष असं काहीच नाही. एनआरझेडआयमध्ये तो ४०९६ घरं लांबीची शांतता होईल. घर म्हणजे एका बिटसाठी राखलेला वेळेचा तुकडा. आता फ्लॉपी ड्राइव्हची मोटर काही क्वार्ट्झचं घड्याळ नव्हे. लिहिणारा ड्राइव्ह आणि वाचणारा ड्राइव्ह यांच्या वेगात दीड टक्क्याचा फरक असेल, तर ३३ घरांनंतर मोजणी अर्ध्या घराने सरकलेली असते आणि मग ३३ होती की ३४ हे सांगता येत नाही. ४०९६ ची गोष्टच सोडा. म्हणून वाचणाऱ्या सर्किटमध्ये एक फेज-लॉक लूप असतो, जो प्रत्येक ठोक्याला आपलं घड्याळ जुळवून घेतो. पण त्याला जुळवायला ठोके नियमित मिळायला हवेत.

दुसरी अडचण, ठोके फार जवळ पडले तर. प्रत्येक ठोका म्हणजे व्होल्टेजची एक पसरट टेकडी असते, आणि लागोपाठचे दोन ठोके नेहमी उलट चिन्हाचे असतात: एक वर, एक खाली. ते जवळ आले की एकमेकांत मिसळतात, उंची घटते आणि दोन्ही शिखरं परस्परांपासून दूर सरकतात. एकटा ठोका जिथे दिसला असता तिथे तो दिसत नाही. हा सरकण्याचा प्रकार इतका ठरावीक आहे की फ्लॉपी कंट्रोलर लिहितानाच ठोका मुद्दाम थोडा आधी किंवा थोडा उशिरा टाकतो, साधारण १२५ नॅनोसेकंदांनी, म्हणजे सरकून तो बरोबर जागी यावा. विशेषतः आतल्या ट्रॅकवर, जिथे परीघ लहान आणि गर्दी जास्त.

तर सगळ्या मॉड्युलेशन कोडांचं काम एवढंच: वाट्टेल तो डेटा घ्या आणि त्याचं अशा माळेत रूपांतर करा की दोन एकांमध्ये कमीत कमी अमुक आणि जास्तीत जास्त तमुक शून्यं येतील. या दोन आकड्यांना डी आणि के म्हणतात आणि कोडचं नाव त्यांवरून पडतं, (१,३) किंवा (२,७) असं. लहान आकडा ठोक्यांची गर्दी रोखतो, मोठा आकडा घड्याळ हरवू देत नाही.

सगळ्यात बाळबोध कोड एफएम. प्रत्येक डेटा बिटच्या आधी एक क्लॉकचा ठोका टाका, झालं. आयबीएमची ३७४० मालिकेची आठ इंची फ्लॉपी अशीच लिहिलेली असे: ७७ ट्रॅक, प्रत्येकी २६ सेक्टर, प्रत्येकी १२८ बाइट, म्हणजे २,५६,२५६ बाइट. घड्याळ हरवायची बातच नाही, पण निम्मे ठोके केवळ घड्याळापायी खर्ची पडले.

एमएफएमने तिथेच काटछाट केली. डेटा १ असेल तर तो स्वतःच ठोका आहे, मग शेजारी क्लॉकचा वेगळा ठोका कशाला? म्हणून नियम: डेटा बिट आहे तसा लिहा, आणि क्लॉकचा ठोका फक्त दोन लागोपाठच्या शून्यांच्या मध्ये टाका. दोन ठोक्यांत आता निदान एक रिकामं घर राहतं, म्हणून घरं निम्म्या लांबीची करता आली आणि त्याच फ्लॉपीवर दुप्पट माल बसला. डबल डेन्सिटी म्हणजे हेच, आणि १.४४ एमबीची साडेतीन इंची फ्लॉपीही याच कोडवर चालते.

एक बाइट हाताने लिहून बघा, म्हणजे अंगवळणी पडेल. हेक्साडेसिमलमधला ए१ घेऊ, कारण तो पुढे कामाचा आहे. बिट्स आहेत १ ० १ ० ० ० ० १. आधीचा बिट ० होता असं धरा. क्लॉक आणि डेटा अशा जोड्या करत गेलं की मिळतं ०१ ०० ०१ ०० १० १० १० ०१. आता गंमत अशी की वाचणाऱ्या यंत्राला नुसती ठोक्यांची माळ मिळते. त्यातलं कुठलं घर क्लॉकचं आणि कुठलं डेटाचं, शिवाय बाइट कुठे सुरू होतो, हे त्याला कोण सांगणार? त्यासाठी सेक्टरच्या सुरुवातीला हाच ए१ मुद्दाम मोडून लिहितात. सहाव्या जोडीतला क्लॉकचा ठोका गाळतात: ०१ ०० ०१ ०० १० ०० १० ०१. सलग वाचलं तर हेक्समध्ये ४४८९. दोन एकांमध्ये अजूनही तीनपेक्षा जास्त शून्यं नाहीत, म्हणजे (१,३) ची चौकट पाळली गेली आहे आणि घड्याळ शाबूत आहे. पण एमएफएमच्या नियमाने लिहिलेल्या कुठल्याही डेटातून ही माळ निघूच शकत नाही. ती दिसली की यंत्राला एका झटक्यात घरं आणि बाइटची सीमा दोन्ही कळतात. पीसीच्या फ्लॉपीवर हा मोडका ए१ तीनदा लागोपाठ असतो, अमिगा कॉम्प्युटरच्या फ्लॉपीवर दोनदा. माझ्याकडे अजूनही डीटीपीच्या काळातल्या, कुणाच्या तरी अख्ख्या पुस्तकाच्या फाइली असलेल्या फ्लॉप्या येतात, आणि बुरशी धरलेल्या ट्रॅकवर मी सगळ्यात आधी शोधतो ते हे ४४८९.

आता त्या १० एमबीकडे. सीगेटची एसटी-२२५ ही त्या काळची घरोघरची डिस्क: ६१५ सिलिंडर, म्हणजे प्रत्येक हेडखाली ६१५ ट्रॅक, आणि ४ हेड. एमएफएम कंट्रोलर ट्रॅकवर १७ सेक्टर बसवत असे. ६१५ × ४ × १७ × ५१२ म्हणजे २,१४,११,८४० बाइट. आरएलएल कंट्रोलर, म्हणजे (२,७) कोड वापरणारा, तेवढ्याच ट्रॅकवर २६ सेक्टर बसवायचा: ३,२७,४७,५२० बाइट. प्लॅटर तेच, हेड तीच, मोटर तीच.

इथे बहुतेक जण म्हणतात की आरएलएल अधिक आटोपशीर असेल, कमी घरांत तोच डेटा मावत असेल. नाही. एमएफएममध्ये एका डेटा बिटला दोन घरं लागतात आणि (२,७) आरएलएलमध्येही दोनच. दर दोघांचा निम्माच. (२,७) चा तक्ता इतका छोटा आहे की इथे पुरा देता येतो: १० चे ०१००, ११ चे १०००, ००० चे ०००१००, ०१० चे १००१००, ०११ चे ००१०००, ००१० चे ००१००१००, आणि ००११ चे ००००१०००. डेटा डावीकडून वाचत जायचा आणि जो तुकडा जुळेल तो बदलायचा. दोन टोकं तपासून बघा. १० नंतर ११ आले तर ०१०० १०००, एकांमध्ये दोन शून्यं, त्याहून कमी कधी येत नाहीत. ११ नंतर ००११ आले तर १००० ००००१०००, मध्ये सात शून्यं, त्याहून जास्त कधी येत नाहीत.

मग फायदा कुठून? एमएफएममध्ये दोन ठोक्यांत कमीत कमी दोन घरांचं अंतर असतं, इथे कमीत कमी तीन. डिस्कच्या चुंबकीय थराला आणि हेडला घराशी देणंघेणं नाही, त्यांना एवढंच हवं की दोन ठोके अमुक नॅनोसेकंदांहून जवळ येऊ नयेत. एसटी-५०६ पद्धतीच्या डिस्कवर एमएफएम ५ मेगाबिट वेगाने चाले, म्हणजे एक घर १०० नॅनोसेकंदांचं आणि किमान अंतर २००. आरएलएलमध्ये किमान अंतर तेच २०० ठेवून त्यात दोनऐवजी तीन घरं कोंबली, घर झालं सुमारे ६६.७ नॅनोसेकंदांचं आणि वेग ७.५ मेगाबिट. थरावरची गर्दी एका तसूनेही वाढली नाही. दीडपट डेटा आला तो अंतर अधिक बारकाईने मोजण्यातून.

आणि बिल त्याच खात्यावर फाटलं. आधी ठोका १०० नॅनोसेकंदांच्या खिडकीत कुठेही पडला तरी चालत असे, आता ६६.७ च्या खिडकीत पडायला हवा. शिवाय सगळ्यात लांब शांतता ४०० नॅनोसेकंदांवरून ५३३ वर गेली, म्हणजे घड्याळाने कमी मदतीत जास्त अचूक चालायचं. मोटरची थरथर, थराचा दर्जा, तापमानाने हेडचं किंचित सरकणं, हे सगळं आधी पोटात घातलं जायचं ते आता अंगावर येऊ लागलं. म्हणून सीगेटने आरएलएलसाठी तपासून दिलेली डिस्क वेगळ्या नावाने विकली, एसटी-२३८आर. साध्या २२५ वर आरएलएल कार्ड लावणारेही पुष्कळ होते. फॉरमॅट व्यवस्थित व्हायचं, काही दिवस मजेत जायचे, मग सेक्टर एकेक करून बोलायचे बंद व्हायचे. माझं मत विचाराल तर त्या काळी आरएलएलला जी नावं ठेवली गेली त्यात कोडचा दोष काहीच नव्हता. आयबीएमच्या मोठ्या ३३७० डिस्कवर १९७९ पासून हाच (२,७) चालत होता.

यात किती ताणता येतं याला गणिती हद्द आहे. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्येच दाखवलं की डी आणि के ठरले की एका घरात जास्तीत जास्त किती बिट माहिती मावेल ते ठरतं. (१,३) साठी ती हद्द ०.५५१५ आहे, एमएफएम त्यातले ०.५ वापरतो. (२,७) साठी ०.५१७४, तिथेही वापर ०.५, म्हणजे जवळपास तळ खरवडलेला. एफएमच्या (०,१) साठी हद्द ०.६९४२ आहे आणि एफएम वापरतो ०.५. तिथे बरंच वाया जातं.

हा ०.६९४२ आकडा आपल्या ओळखीतून येतो, म्हणून जरा थांबतो. दोन एकांमध्ये फार तर एक शून्य, याचा अर्थ अंतर एकतर १ घर किंवा २ घरं. लघु एक मात्रा, गुरु दोन मात्रा. अमुक मात्रांत लघु-गुरूंच्या किती रचना होतात, हा छंदशास्त्रातला जुना प्रश्न आहे आणि बाराव्या शतकात हेमचंद्रांनी त्याचं उत्तर दिलेलं आहे: मागच्या दोन संख्यांची बेरीज करत चला, १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४. हीच मालिका पुढे फिबोनाचीच्या नावाने जगभर गेली. लागोपाठच्या दोन संख्यांचं गुणोत्तर १.६१८ कडे जातं, आणि त्याचा दोनच्या पायावरचा लॉगॅरिदम म्हणजे ०.६९४२.

आता आठ मात्रांचे ३४ कुठे कामाला आले बघा. १९७८ चा ॲपलचा फ्लॉपी ड्राइव्ह, डिस्क टू. स्टीव्ह वॉझ्नियाक यांना मोजक्या चिपांत कंट्रोलर बसवायचा होता आणि एफएमची उधळपट्टी नको होती. त्यांचा नियम: डिस्कवरच्या प्रत्येक आठ घरांच्या गटाची सुरुवात १ ने, आणि दोन शून्यं लागोपाठ नकोत. १ हा लघु, १० हा गुरु असं वाचलं तर हे गट म्हणजे आठ मात्रांच्या रचनाच, आणि त्या भरतात ३४. पाच बिट डेटाला ३२ लागतात. दोन उरल्या: ११०१०१०१ आणि १०१०१०१०, हेक्समध्ये डी५ आणि एए. पहिली लघु-गुरु-गुरु-गुरु-लघु, दुसरी चार गुरु. या दोघी डेटात कधीच येणार नाहीत, म्हणून त्यांना सेक्टरच्या सुरुवातीची खूण केलं. पीसीमध्ये मोडक्या ए१ ने जे काम केलं ते इथे उरलेल्या दोन रचनांनी केलं. आठ घरांत पाच बिट, म्हणजे ०.६२५, हद्दीच्या नव्वद टक्के. एवढ्या साध्या नियमात याहून जास्त काय पिळून काढणार! नंतर दोन शून्यांची एक जोडी चालवून घेतली, सहा बिट बसू लागले, आणि ट्रॅकवर १३ ऐवजी १६ सेक्टर झाले. ३५ ट्रॅक, १४० केबी.

अशा गटवार बदलण्याला जीसीआर म्हणतात. आयबीएमच्या ६२५० बीपीआयच्या (इंचाला ६२५० बाइटच्या) टेपनेही १९७३ मध्ये चार बिटांचे पाच असा जीसीआर वापरला होता.

सीडीवर प्रश्नाला तिसरी बाजू फुटली, आणि मला या सगळ्या कोडांत ईएफएमच सगळ्यात डोकेबाज वाटतो. फिलिप्सचे केस शौहामर इमिंक हे त्याचे प्रमुख रचनाकार. आठ बिटांचे चौदा, म्हणून ईएफएम. नियम (२,१०), म्हणजे खड्डा असो की सपाट जागा, लांबी ३ ते ११ घरं. चौदा घरांच्या माळांपैकी हा नियम पाळणाऱ्या २६७ आहेत, २५६ हव्या होत्या, काम झालं. शून्य बाइटची माळ आहे ०१००१०००१०००००. पण दोन माळा शेजारी ठेवल्या तर सांध्यावर नियम मोडू शकतो. म्हणून मध्ये तीन जोडबिट घालतात, म्हणजे आठाचे प्रत्यक्षात सतरा.

सांध्यावर नियम पाळायला दोन जोडबिट पुरले असते. तिसरा कशाला? सीडीवर लेसरला धरून ठेवायला खोबण नसते. फोकस कायम राखणं आणि वळत्या ट्रॅकच्या मध्यावर राहणं, हे दोन्ही परत येणाऱ्या त्याच प्रकाशावरून करावं लागतं, आणि ती सर्व्हो सर्किटं कमी वारंवारतेवर काम करतात. डेटातच कमी वारंवारतेचा मजकूर असेल, म्हणजे बराच वेळ खड्डेच जास्त किंवा सपाट जागाच जास्त, तर सर्व्होला वाटणार ट्रॅक सरकला. बोटांचे ठसेही संकेताची पातळी सावकाश वरखाली करतात. तो चढउतार फिल्टरने काढायचा तर खालच्या वारंवारतेत डेटा नसायला हवा. म्हणून एन्कोडर एक चालू बेरीज ठेवतो: सपाट घराला अधिक एक, खड्ड्याच्या घराला उणे एक. जोडबिटांचे चालतील ते पर्याय तपासून जो बेरीज शून्याजवळ ठेवेल तो निवडतो. तिसरा बिट ही निवड करायला मोकळीक देतो. वाचताना ते तिन्ही बिट सरळ फेकून दिले जातात.

हिशोब मांडून बघा. एका फ्रेममध्ये २४ बाइट आवाज, ८ बाइट चूक सुधारण्यासाठी, १ बाइट गाण्याचा क्रमांक वगैरेसाठी, एकूण ३३. ३३ × १७ म्हणजे ५६१, अधिक सुरुवातीची खूण २४ आणि तिचे ३ जोडबिट, एकूण ५८८ घरं. सेकंदाला ७३५० फ्रेम, म्हणजे ४३,२१,८०० घरं. आवाजाचे बिट सेकंदाला १४,११,२००. एका बिटमागे चकतीवर तीन घरं! तरी हे परवडतं, कारण सगळ्यात लहान खड्डाही तीन घरांचा, सुमारे ०.८३ मायक्रोमीटर. लेसरच्या ठिपक्याला तेवढाच दिसायला हवा. तोच (२,७) चा व्यवहार: लांब खुणा, बारीक मोजमाप.

इथे एक गल्लत टाळा. जोडबिट, १४ घरं, हे सगळं चुका सुधारत नाही. ओरखड्यातून गाणं वाचतं ते रीड-सॉलोमन कोडमुळे, आणि तो वेगळा थर आहे. मॉड्युलेशन कोड एवढंच बघतो की चूक झालीच तर ती पसरू नये. ईएफएममध्ये एक घर बिघडलं तर एक बाइट बिघडतो, आणि रीड-सॉलोमनही बाइटच्याच हिशोबाने चालतो, म्हणून दोघांचं जमतं. (२,७) मध्ये तुकडे वेगवेगळ्या लांबीचे असूनही एका बिघडलेल्या घराने फार तर चार डेटा बिट जातात. कोड निवडताना हा आकडा घनतेइतकाच महत्त्वाचा असतो, पण जाहिरातीत तो कधी येत नाही.

डीव्हीडीचा ईएफएमप्लस हा त्याचाच सुधारलेला भाऊ: आठाचे थेट सोळा, चार अवस्थांचे तक्ते, जोडबिट रद्द, नियम तोच (२,१०). सुमारे सहा टक्के जागा सुटली.

ब्लू-रेने मात्र वाट बदलली. तिथे (१,७) आहे, दोन बिटांची तीन घरं. किमान खूण तीन नव्हे तर दोन घरांची, ०.१४९ मायक्रोमीटर. ठोके जवळ येऊ द्यायचे असं का ठरवलं असेल? खिडकीमुळे. डीव्हीडीत एक घर म्हणजे अर्ध्या डेटा बिटएवढा वेळ, ब्लू-रेत दोन तृतीयांश. म्हणजे मोजमापाला सवड जास्त, पण ठोक्यांची गर्दी जास्त. गर्दीचं काय करायचं याचं उत्तर तोवर हार्ड डिस्कवाल्यांनी शोधलेलं होतं.

ते उत्तर म्हणजे पीआरएमएल, आयबीएमच्या डिस्कमध्ये १९९० मध्ये आलं. आधीची सर्किटं शिखर शोधायची: आलं, नाही आलं. पीआरएमएल म्हणतो, शेजारचे ठोके मिसळतात तर मिसळू देत. ते कसे मिसळतात हे ठाऊक आहे. लहरीचे ठरावीक वेळी नमुने घ्या, आणि कोणती माळ लिहिली असती तर अशी लहर दिसली असती ते व्हिटर्बीच्या पद्धतीने शोधा. मग किमान अंतराचं बंधन कशाला? डी शून्यावर आला आणि नऊ घरांत आठ बिट बसू लागले. निम्म्या दरावरून एका झेपेत ०.८९ वर. पुढे १६/१७ आणि त्याहून वरचे दर आले. आज हार्ड डिस्कमध्ये मॉड्युलेशन कोड जेमतेम चवीपुरता उरला आहे, घड्याळ टिकावं आणि डिटेक्टरला गोंधळवणाऱ्या ठरावीक माळा टळाव्यात एवढ्यासाठी. बाकी भार एलडीपीसी हा चुका सुधारणारा कोड उचलतो. ब्लू-रेमध्येही याच्याच जोरावर दोन घरांची खूण वाचता येते, तरी सलग दोन-दोन घरांच्या खुणा सहापेक्षा जास्त येऊ नयेत असा नियम तिथे ठेवलाच आहे.

एसएसडीत हे सगळं संपलं का, असं कुणीतरी विचारणारच. चिपमध्ये फिरणारं काही नाही, त्यामुळे ठोके-अंतरं हा प्रकार नाही. पण शेजारच्या सेलचा विद्युतभार एकमेकांवर परिणाम करतो, म्हणून सारखाच नमुना लागोपाठ लिहिला जाऊ नये यासाठी कंट्रोलर डेटा आधी पिसून घेतो. चिपमधून काढलेला कच्चा डेटा वाचवायला बसणाऱ्यांना हा पिसलेला डेटा उलगडावा लागतो. आणि एसएसडी जोडायची सॅटाची केबल ६ गिगाबिटची असून ६०० मेगाबाइटच का देते, ७५० का नाही? कारण तारेवर आठ बिटांचे दहा करून पाठवतात. हा ८बी/१०बी कोड १९८३ मध्ये आयबीएमच्या विडमर आणि फ्रानाझेक यांनी मांडला, आणि हे पीटर फ्रानाझेक म्हणजे ज्यांच्या कामातून (२,७) उभा राहिला तेच.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर ग्रीझवीझलसारखं स्वस्तातलं मुक्त हार्डवेअर आणि एक जुना फ्लॉपी ड्राइव्ह पुरतो. ते डेटा वाचत नाही, ठोक्यांमधली अंतरं जशीच्या तशी नोंदवतं. एका ट्रॅकच्या अंतरांचा आलेख काढा, आडवा वेळ आणि उभी संख्या. ७२० केबीच्या फ्लॉपीवर ४, ६ आणि ८ मायक्रोसेकंदांवर तीन टेकड्या येतील, १.४४ वर २, ३ आणि ४ वर, म्हणजे एमएफएम. ४ आणि ८ अशा दोनच टेकड्या आल्या तर एफएम. ४, ८ आणि १२ आल्या तर बहुधा ॲपलची सोळा सेक्टरवाली. टेकड्यांच्या मध्ये स्वच्छ दरी असेल तर फ्लॉपी ठणठणीत. पायथे एकमेकांत मिसळले असतील तर आधी हेड स्वच्छ करा, मग दुसऱ्या ड्राइव्हवर वाचून बघा, आणि तेवढ्याने भागलं नाही तर त्याच ट्रॅकची नोंद बऱ्याच फेऱ्यांची घ्या. एका फेरीत सीमेवर पडलेलं अंतर पुढच्या फेरीत बऱ्याचदा आपल्या बाजूला पडतं.